होप, टेक्सारकाना, कॉलेज स्टेशन: १९९२ च्या निवडणुकीच्या वाटेवर

आखाती युद्धाच्या वेळी आपल्याकडे सीएनएन दिसायला लागलं आणि अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश घराघरांत ओळखीचे झाले. युद्ध संपलं तेव्हा, १९९१ च्या वसंतात, अमेरिकेत त्यांच्या कामावर खूश असलेल्यांचं प्रमाण ८९ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. दीड वर्षानं तेच बुश अध्यक्षपदाची निवडणूक हरले. मी तेव्हा कॉलेजात होते. हे कसं झालं याचं कुतूहल तेव्हा जे लागलं ते आजतागायत.

नकाशा उघडून बसलं की एक गंमत दिसते. त्यांना हरवणारे बिल क्लिंटन यांचं जन्मगाव होप, आर्कन्सॉ राज्यात. तिसरे उमेदवार रॉस पेरो यांचं जन्मगाव टेक्सारकाना. दोन्ही गावं एकाच महामार्गावर, मधे जेमतेम पन्नास किलोमीटर. बुश जन्मले मॅसॅच्युसेट्समध्ये, पण त्यांचं राजकारण उभं राहिलं टेक्सासात आणि त्यांचं संग्रहालयही तिथेच, कॉलेज स्टेशनला. म्हणजे लिटल रॉकला उतरून ह्यूस्टनपर्यंत गाडीनं आलं तर ती अख्खी निवडणूक वाटेत भेटते. ताई ह्यूस्टनला राहते. तिचा मुलगा गाडी चालवायला तयार झाला, ताईनं दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली, आणि एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही मावशी-भाचे निघालो.

सोमवार: लिटल रॉक

विमानतळावर गाडी घेतली आणि आधी मार्कहॅम स्ट्रीटवरचं ओल्ड स्टेट हाऊस गाठलं. पांढऱ्या खांबांची देखणी, बुटकी इमारत. हे राज्याचं पहिलं विधिमंडळ. आता संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. ३ ऑक्टोबर १९९१ ला क्लिंटन यांनी याच इमारतीसमोर उमेदवारी जाहीर केली आणि ३ नोव्हेंबर १९९२ च्या रात्री विजयाचं भाषणही इथेच केलं. उमेदवारी जाहीर केली तेव्हा बुश यांच्यासमोर उभं राहायला डेमोक्रॅटिक पक्षातली मोठी नावं कचरत होती, हे विसरता कामा नये. छोट्या, गरीब राज्याचा पंचेचाळीस वर्षांचा गव्हर्नर मात्र उभा राहिला.

आतल्या मार्गदर्शक बाईंनी एक गोष्ट सांगितली ती ऐकून भाचा चाटच पडला. १८३७ साली याच सभागृहात, अधिवेशन चालू असताना, सभापतींनी एका आमदाराला चाकूनं ठार मारलं होतं. विषय काय, तर लांडगे मारणाऱ्यांना द्यायच्या बक्षिसाचं विधेयक!

तिथून चालत थर्ड आणि लुइझियाना रस्त्यांच्या कोपऱ्यावर गेलो. ही जुन्या ‘आर्कन्सॉ गॅझेट’ची इमारत. १९५७ साली इथल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश देण्यावरून जो संघर्ष पेटला, त्याच्या वार्तांकनाबद्दल या वृत्तपत्राला पत्रकारितेची पुलित्झर पारितोषिकं मिळाली होती. ऑक्टोबर १९९१ मध्ये ते बंद पडलं आणि रिकाम्या इमारतीत क्लिंटन यांचं प्रचार कार्यालय थाटलं गेलं. ‘वॉर रूम’ म्हणतात ती हीच. क्लिंटन यांच्या प्रचाराचे सूत्रधार जेम्स कार्व्हिल यांनी इथल्या फळ्यावर तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या: बदल हवा की पुन्हा तेच, प्रश्न अर्थव्यवस्थेचा आहे, मूर्खा, आणि आरोग्यसेवा विसरू नका. जून १९९२ मध्ये बेकारीचा दर ७.८ टक्के होता. युद्ध जिंकलेल्या अध्यक्षाला लोक नोकरीचं विचारत होते. एवढी मोठी मोहीम तीन ओळींत बांधून ठेवणं मला आजही थक्क करतं.

क्लिंटन यांचं अध्यक्षीय केंद्र आर्कन्सॉ नदीच्या काठावर आहे. इमारत पुलासारखी नदीकडे झेपावलेली, आत व्हाइट हाऊसमधल्या ओव्हल ऑफिसची, म्हणजे अध्यक्षांच्या कचेरीची, हुबेहूब प्रतिकृती. २००४ च्या नोव्हेंबरात याचं उद्घाटन भर पावसात झालं आणि हरलेले थोरले बुशही त्या पावसात हजर होते. हे मनात ठेवा, पुढे लागेल.

वेळ असेल तर सेंट्रल हायस्कूल चुकवू नका. शाळा अजून चालू आहे, त्यामुळे आत जायचं तर समोरच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या केंद्रात आधी नोंदणी करावी लागते. आम्ही बाहेरूनच पाहिली. १९९७ मध्ये, त्या घटनेला चाळीस वर्षं झाली तेव्हा, त्याच नऊ जणांसाठी शाळेचं दार अध्यक्ष क्लिंटन यांनी उघडून धरलं होतं.

मंगळवार: हॉट स्प्रिंग्ज, होप

हॉट स्प्रिंग्ज हे क्लिंटन यांच्या शाळकरी वयाचं गाव. गावाच्या मधोमध राष्ट्रीय उद्यान आणि ओळीनं जुनी स्नानगृहं. जमिनीतून साठ अंशांच्या वर तापलेलं पाणी येतं आणि लोक सार्वजनिक नळांवर कॅन भरून नेतात. १९१२ पासून चालू असलेल्या बकस्टाफ स्नानगृहात मी अंग शेकून घेतलं. तिथे आगाऊ नोंदणी नसते, सकाळी लवकर गेलेलं बरं. शाकाहारी असाल तर जेवणाआधी एक प्रश्न विचाराच: घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस आहे का? बहुतेक ठिकाणी असतं. आम्हाला मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी मिळाली. कुरकुरीत, आतून मऊ, आणि दोन बशा कधी संपल्या कळलं नाही.

होपला पोचलो तेव्हा आभाळ गच्च भरून आलं होतं. हे कलिंगडांचं गाव, पण एप्रिलमध्ये कलिंगड कुठलं? पाट्यांवरच काय ती पाहायची. हर्व्ही स्ट्रीटवरचं पांढरं दुमजली घर म्हणजे क्लिंटन यांच्या आजी-आजोबांचं. आता राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, प्रवेश मोफत; घर आतून रेंजरबरोबरच बघता येतं, म्हणून वेळ आधी विचारून घ्या.

बिलचा जन्म १९ ऑगस्ट १९४६ चा. वडील त्याआधी तीन महिने मोटार अपघातात गेले. आई परिचारिकेचं पुढचं शिक्षण घ्यायला न्यू ऑर्लिन्सला गेली आणि मूल आजी-आजोबांकडे राहिलं. आजोबांचं किराणा दुकान होतं. वर्णभेदाच्या त्या काळातही तिथे गोरे आणि काळे दोघेही यायचे आणि दोघांनाही उधारी मिळायची. मी सर्वात जास्त वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. तिथे खिडकीपाशी खेळायचे पत्ते टाचलेले आहेत. बदामाची दुर्री, इस्पिकची सत्ती. नातू जेवायला बसला की आजी त्यावरून त्याला आकडे शिकवायची. आमच्याबरोबर फक्त एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या टेनेसीहून आल्या होत्या. पत्त्यांकडे बघून म्हणाल्या, “मी बत्तीस वर्षं पहिलीला शिकवलं. या आजीला मी लगेच नोकरी दिली असती.”

१६ जुलै १९९२ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या न्यूयॉर्कच्या अधिवेशनात उमेदवारी स्वीकारताना क्लिंटन यांनी भाषणाचा शेवट याच गावाच्या नावावर केला. होप (म्हणजे आशा) नावाच्या गावावर माझा अजून विश्वास आहे, असं ते म्हणाले. गावात रेल्वे स्टेशनच्या जुन्या इमारतीत छोटं संग्रहालय आहे, तिथेही हे वाक्य दिसतं. आणि नेमक्या त्याच दिवशी, १६ जुलैला, पन्नास किलोमीटरवरच्या गावात जन्मलेल्या माणसानं, रॉस पेरो यांनी, डॅलसमध्ये निवडणुकीतून माघार घेतली होती.

मंगळवारची रात्र आणि बुधवार: टेक्सारकाना

टेक्सारकानाला हॉटेलात शिरलो आणि तासाभरात दोघांचेही फोन एकदम किंचाळले. टोर्नेडोचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळाचा इशारा. स्वागतकक्षातल्या मुलीनं दारं वाजवून सगळ्यांना तळमजल्याच्या बोळात बसवलं, कारण तिथे खिडक्या नाहीत. मी पुरती घाबरले होते. बाकीची मंडळी मात्र उशा घेऊन शांत बसलेली. कुणी शेंगदाणे वाटत होतं, आम्ही दशम्या काढल्या. माझ्या शेजारी याच गावात वाढलेल्या एक आजीबाई होत्या, नातीच्या लग्नाला आलेल्या. मी इथे कशासाठी आले ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “रॉससाठी? रॉससाठी कुणी येत नाही!”

मग तासभर त्या बोलत राहिल्या. पेरो यांचे वडील कापसाचे दलाल. रॉस स्काउट झाला, नौदल अकादमीत गेला, आयबीएमचा विक्रेता झाला आणि १९६२ मध्ये बायकोकडून हजार डॉलर उसने घेऊन ईडीएस ही संगणक सेवा देणारी कंपनी काढून अब्जाधीश झाला. श्रीमंत झाल्यावर त्यानं लहानपणचं घर परत विकत घेतलं, असं आजीबाई सांगत होत्या. मधल्या मालकांनी विटांना रंग फासला होता. तो खरवडून निघेना, तेव्हा त्यानं एकेक वीट काढून उलटी बसवायला लावली. “असा होता तो. जसं होतं तसंच हवं म्हणजे हवं.” वादळ उत्तरेकडून निघून गेलं. रात्री साडेअकराला आम्हाला खोलीत जायची परवानगी मिळाली.

एप्रिल-मेमध्ये या भागात येणार असाल तर फोनवरचे इशारे बंद ठेवू नका आणि हॉटेलात तळमजल्याचा बोळ कुठे आहे ते पोचल्याबरोबर बघून ठेवा.

सकाळी लख्ख ऊन. स्टेट लाइन अव्हेन्यूच्या मधोमध केंद्र सरकारचं न्यायालय आणि टपाल कार्यालय उभं आहे, बरोबर दोन राज्यांच्या सीमारेषेवर. डावी बाजू टेक्सासात, उजवी आर्कन्सॉत. समोर फोटो काढायला जागाच केलेली आहे. भाच्यानं दोन राज्यांत दोन पाय ठेवून फोटो काढून घेतला. मी मात्र त्या रेषेवर उभी राहून मतांचा विचार करत होते. इथे रेषेच्या अलीकडचं मत एका खात्यात, पलीकडचं दुसऱ्या. अमेरिकेत अध्यक्ष निवडतात ती राज्याराज्यांत वाटलेली ५३८ इलेक्टोरल मतं, आणि जवळजवळ प्रत्येक राज्यात पहिला येणारा त्या राज्याची सगळी घेऊन जातो. १९९२ मध्ये क्लिंटन यांना देशभरात ४३ टक्के मतं पडली आणि ३७० इलेक्टोरल मतं मिळाली. बुश यांना ३७ टक्क्यांच्या थोडं वर आणि १६८. पेरो यांना जवळजवळ १९ टक्के, म्हणजे एक कोटी ९७ लाख माणसांची मतं. इलेक्टोरल मतं शून्य. मेन राज्यात ते बुश यांच्या पुढे होते, युटामध्ये क्लिंटन यांच्या पुढे. पण पहिले कुठेच नाहीत. आपल्याकडेही पहिला तोच विजयी, त्यामुळे मतं भरपूर आणि जागा मोजक्या हे चित्र आपल्याला नवं नाही. तरीही दोन कोटींच्या आसपास माणसं आणि हाती काही नाही, हे पचवणं जड जातं.

क्लिंटन यांचंही पाहा. त्यांना निम्म्याहून जास्त मतं फक्त आर्कन्सॉत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये पडली. बाकी एकाही राज्यात नाही.

गावात पेरो नाव दिसतं ते नाट्यगृहावर. १९२४ चं हे जुनं थिएटर पेरो कुटुंबाच्या मदतीनं दुरुस्त झालं आणि त्यांच्या नावानं ओळखलं जातं. निवडणुकीचं मात्र गावात काहीच हाती लागलं नाही.

गुरुवार: डॅलस

डॅलसमध्ये ताईच्या मैत्रिणीकडे, प्लॅनोला उतरलो होतो. बरेच दिवसांनी वरण-भात, तूप, बटाट्याची काचऱ्या भाजी. त्यावर लिहायला लागले तर दुसरा लेख होईल. तिच्या शेजारी एक निवृत्त अभियंते राहतात. वय ऐंशीच्या पुढे. तिनं सहज सांगितलं, “अगं, ते पेरोंचे स्वयंसेवक होते.” मी संध्याकाळी लगेच गाठलं त्यांना.

गॅरेजमधून त्यांनी एक कातडी फाइल काढली. आत एक कोरा अर्ज, कडा पिवळ्या पडलेला, सह्यांसाठी रकाने आखलेला. फेब्रुवारी १९९२ मध्ये टीव्हीवर लॅरी किंग यांच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात पेरो म्हणाले होते की लोकांनी पन्नासही राज्यांत माझं नाव मतपत्रिकेवर आणलं तर मी उभा राहीन. पक्ष नाही, कार्यालय नाही, आणि लोकांनी ते करून दाखवलं. हे गृहस्थ शनिवार-रविवार एका दुकानाच्या वाहनतळावर घडीचं टेबल टाकून बसायचे. “आयुष्यात कधी राजकारण केलं नव्हतं. उन्हात उभे राहून लोक सही करायचे आणि म्हणायचे, शेवटी कुणीतरी हिशोब विचारतोय.” हिशोब म्हणजे राष्ट्रीय कर्जाचा. जूनमध्ये गॅलप या संस्थेच्या मतदार पाहणीत पेरो ३९ टक्क्यांवर होते, दोन्ही मोठ्या पक्षांच्या पुढे.

“आणि जुलै?” मी विचारलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी कामावर होतो. कुणीतरी रेडिओ लावला. संध्याकाळी टेबल घडी करून गॅरेजमध्ये ठेवलं ते परत उघडलं नाही.” १ ऑक्टोबरला पेरो परत उतरले, स्वतःचे सहा कोटींहून जास्त डॉलर ओतले, टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाचा वेळ विकत घेऊन हातात काठी धरून तक्ते समजावून सांगितले आणि लाखो लोकांनी ते बसून पाहिले. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या तीन वादसभांत (डिबेट) दोन बलाढ्य पक्षांच्या उमेदवारांबरोबर उभे राहिले. पण जूनचं वारं परत आलं नाही. “तरी मत त्यालाच दिलं,” आजोबा म्हणाले. “चिडून दिलं, पण त्यालाच.”

पेरो यांनी मतं खाल्ली म्हणून बुश हरले, असं अजून पुष्कळ जण म्हणतात. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर झालेल्या पाहणीत पेरो नसते तर काय केलं असतं असं विचारल्यावर त्यांचे मतदार क्लिंटन आणि बुश यांच्यात जवळजवळ सारखे वाटले गेले होते. मी हे सांगितलं तेव्हा आजोबांनी टेबलावर हात आपटला. “मी कुणाचंच मत खाल्लं नाही. ते माझं मत होतं.” मला हे फार पटलं.

दिवसा शहरातलं पेरो विज्ञान संग्रहालय पाहिलं. मुलांनी आईवडिलांच्या नावानं पाच कोटी डॉलर दिले, त्यातून ते उभं राहिलं. डायनोसॉर, भूकंपाचं यंत्र, शाळांच्या सहलींचा कल्ला. लहान मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस ठेवा आणि तिकिटं आधी काढा. पेरो २०१९ मध्ये डॅलसला वारले.

शुक्रवार: कॉलेज स्टेशन ते ह्यूस्टन

दक्षिणेकडे निघालो तसा रस्त्याच्या दोन्ही कडांना ब्लूबॉनेटचा निळा गालिचा सुरू झाला. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ही फुलं असतात. फोटोसाठी गाडी थांबवायची तर महामार्गाच्या कडेला नको, आतल्या फाट्यावर थांबवा.

बुश यांचं संग्रहालय टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या आवारात आहे. दुसऱ्या महायुद्धात ते उडवत असत तसलं ॲव्हेंजर विमान टांगलेलं, बाहेर बर्लिन भिंतीवरून झेपावणाऱ्या घोड्यांचं भव्य शिल्प. १९८८ च्या पक्षाच्या अधिवेशनात ‘नवे कर नाहीत’ असा शब्द देऊन १९९० मध्ये तूट आवरण्यासाठी कर वाढवणारे बुश मला या सगळ्यांत सर्वात कठीण जागी सापडलेले वाटतात. देशासाठी ते योग्य होतं असं माझं मत आहे, आणि त्याची किंमत त्यांनीच मोजली. रिचमंडच्या वादसभेत लोक प्रश्न विचारत असताना ते मनगटावरचं घड्याळ बघताना कॅमेऱ्यात दिसले आणि तेवढ्या क्षणावर त्यांना लोकांपासून दुरावलेला माणूस ठरवण्यात आलं. हा अन्याय होता.

तळ्यामागे थोडं चालत गेलं की कुटुंबाची दफनभूमी. बुश, पत्नी बार्बरा, आणि शेजारी रॉबिन, १९५३ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेलेली त्यांची लहान मुलगी. डिसेंबर २०१८ मध्ये बुश यांचा मृतदेह ह्यूस्टनजवळून इथे रेल्वेनं आणला. ४१४१ क्रमांकाचं ते निळं-पांढरं इंजिन आता संग्रहालयाशेजारी ठेवलं आहे.

तिथल्या बाकावर बसून भाच्यानं फोनवर एक पत्र मोठ्यानं वाचलं. २० जानेवारी १९९३ ला व्हाइट हाऊस सोडताना बुश यांनी क्लिंटन यांच्यासाठी हातानं लिहून टेबलावर ठेवलेलं. तुमचं यश हे आता आपल्या देशाचं यश आहे, मी मनापासून तुमच्या पाठीशी आहे, असं त्यात आहे. भाचा पुन्हा एकदा तारीख बघत म्हणाला, “मावशी, हे हरलेल्या माणसानं लिहिलंय?” हो. १९९७ मध्ये हे संग्रहालय उघडलं तेव्हा क्लिंटन इथे आले होते. २००४ च्या त्सुनामीनंतर दोघांनी मिळून मदतनिधी उभा केला आणि श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया, थायलंड हिंडले.

संध्याकाळी ह्यूस्टनमध्ये शिरताना मी हट्टानं गाडी ॲस्ट्रोडोमकडे वळवायला लावली. ऑगस्ट १९९२ मध्ये रिपब्लिकन अधिवेशन या घुमटाखाली झालं होतं. आता आत जाता येत नाही, शेजारच्या स्टेडियमच्या वाहनतळावरून दिसतो तेवढाच.

घरी जेवताना भाच्यानं विचारलं, “मग मावशी, तू असतीस तर कुणाला मत दिलं असतंस?” मी क्लिंटन म्हटलं. भावोजी १९९२ मध्ये इथे विद्यार्थी होते, मताधिकार नव्हता, पण तिन्ही वादसभा त्यांनी वसतिगृहात पाहिलेल्या. ते लगेच म्हणाले, “मी पेरो. त्यानंतर तिसरा माणूस त्या मंचावर दिसलाच नाही.” खरं आहे. १९९६ मध्ये खुद्द पेरो यांनाही वादसभेत घेतलं नाही, आणि २००० पासून पाहण्यांत १५ टक्के नसतील तर प्रवेशच नाही असा नियम झाला. वाद रात्री दीडपर्यंत चालला, ताईनं दोनदा चहा केला.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं: गाडी एका राज्यात घेऊन दुसऱ्या राज्यात सोडली तर जादा आकार लागतो, तो आधी विचारा. पाच दिवस पुरतात, पण लिटल रॉकला एक मुक्काम वाढवा.